धागा: स्थानिक पोलीस आणि आइस – अटकेनंतर ठसे कुठे जातात, जेल काय करू शकतं आणि काय नाही

घाटवाट

सध्या अमेरिकेतल्या मराठी मंडळांच्या व्हॉट्सॅप गटांवर एकच प्रश्न फिरतो आहे: "आपल्या गावचे पोलीस आइसला मिळालेले आहेत का?" आइस म्हणजे केंद्र सरकारची इमिग्रेशन अंमलबजावणी यंत्रणा. या प्रश्नाला हो किंवा नाही असं एका शब्दात उत्तर देता येत नाही. शहराचे पोलीस वेगळे, काउंटीचा (जिल्ह्यासारख्या भागाचा) पोलीस प्रमुख म्हणजे शेरीफ वेगळा, राज्याचे हायवे पोलीस वेगळे, आणि जेल बहुतेक ठिकाणी शेरीफच्या ताब्यात. शहराच्या कौन्सिलने कितीही ठराव केले तरी अटक झालेला माणूस रात्री काउंटी जेलमध्येच पोचतो. म्हणून आपल्या जेलचं धोरण काय आहे ते आधी बघायला हवं. हा कायदेशीर सल्ला नाही. यंत्रणा कशी चालते एवढंच नीट मांडायचं आहे. दुरुस्त्या जरूर सुचवा.

सुरुवात ठशांपासून. जेलमध्ये नोंद करताना दहा बोटांचे ठसे मशीनवर घेतले जातात. ते राज्याच्या ओळख विभागाकडे जातात, तिथून एफबीआयकडे, आणि एफबीआयकडून आपोआप होमलँड सिक्युरिटीच्या (आइस ज्याच्या हाताखाली येतं त्या केंद्रीय खात्याच्या) डेटाबेसकडे. या जोडणीचं नाव होतं सिक्युअर कम्युनिटीज. २००८ मध्ये सुरू झाली आणि जानेवारी २०१३ पर्यंत देशभर पसरली. नोव्हेंबर २०१४ मध्ये कार्यक्रमाचं नाव बदललं, २०१७ मध्ये जुनं नाव परत आलं, पण ठशांची वाट मध्ये कधीच बंद झाली नव्हती. कॅलिफोर्निया असो की टेक्सास, यातून कुणालाच बाहेर पडता येत नाही. आरोपीवर दुसऱ्या राज्यात काही गुन्हे आहेत का हे कळण्यासाठी ठसे एफबीआयकडे पाठवावेच लागतात, आणि एकदा तिथे गेले की पुढे जातातच.

आपल्यापैकी जवळपास प्रत्येकाचे ठसे त्या डेटाबेसमध्ये आधीपासून आहेत. मुंबईच्या व्हिसा केंद्रावर दिलेले, विमानतळावर दिलेले, ग्रीन कार्डच्या बायोमेट्रिक्सला दिलेले. त्यामुळे जुळणी होणारच. जुळलं की माहिती व्हरमाँटमधल्या विलिस्टन इथल्या आइसच्या केंद्राकडे जाते. तिथले लोक स्टेटस तपासून त्या भागातल्या आइस कार्यालयाला कळवतात. एच-वन (नोकरीचा व्हिसा) किंवा एफ-वन (विद्यार्थ्याचा व्हिसा) चालू असेल तर सहसा विषय तिथेच थांबतो. स्टेटस संपलेलं असेल, जुना डिपोर्टेशनचा आदेश असेल किंवा गुन्ह्यामुळे स्टेटस धोक्यात येत असेल, तर आइस जेलला एक फॉर्म पाठवतं: आय-२४७ए, म्हणजे डिटेनर.

डिटेनर दोन गोष्टी मागतो. एक, या माणसाला सोडण्याआधी आम्हाला कळवा, शक्य असेल तर ४८ तास आधी. दोन, सुटकेची वेळ झाल्यावरही त्याला जास्तीत जास्त ४८ तास धरून ठेवा. त्या फॉर्मची प्रत त्या माणसाच्या हातात दिल्याशिवाय डिटेनर लागू होत नाही, असं फॉर्मवरच छापलेलं आहे. जेलला भेटायला जाल तेव्हा पहिली गोष्ट ही विचारा: "प्रत दिली का?"

काजवा

छान धागा. एक शंका. जेलचे लोक फोनवर सांगतात की "आइसचं वॉरंट आहे, आम्ही सोडू शकत नाही". वॉरंट असेल तर मग वाद कसला?

निवडुंग

काजवा, नेमकी इथेच लोकांची फसगत होते. एप्रिल २०१७ पासून आइस प्रत्येक डिटेनरला दुसरा एक कागद जोडतं: आय-२०० किंवा आय-२०५. पहिला अटकेसाठी, दुसरा डिपोर्टेशनचा आदेश झालेला असेल तर. दोन्हींवर "वॉरंट" लिहिलेलं असतं, पण सही आइसच्या अधिकाऱ्याचीच असते. न्यायाधीशाने तो कागद पाहिलेलाही नसतो. न्यायालयाच्या वॉरंटवर वर कोर्टाचं नाव आणि खाली जज किंवा मॅजिस्ट्रेटची सही असते. कागद हातात आला की आधी सहीची ओळ वाचा. घराच्या दाराशी आलेल्या कागदालाही हेच लागू. आइसच्या सहीच्या कागदावर तुमच्या परवानगीशिवाय घरात शिरता येत नाही, असाच न्यायालयांचा प्रस्थापित सिद्धांत आहे.

आता "सोडू शकत नाही" याबद्दल. डिटेनर ही विनंती आहे, हुकूम नाही. तिसऱ्या सर्किटने (सर्किट म्हणजे काही राज्यांसाठीचं केंद्रीय अपील न्यायालय) २०१४ मध्ये गॅलार्झा खटल्यात हे स्वच्छ सांगितलं. त्याच वर्षी ऑरेगनमधल्या क्लॅकमस काउंटीच्या खटल्यात तर काउंटीच जबाबदार ठरली. त्या प्रकरणात आरोपी बाईला ५०० डॉलर भरून सुटता येत होतं. पण डिटेनरमुळे पैसे भरूनही सोडणार नाही असं जेलने सांगितलं, म्हणून तिने भरले नाहीत. कोर्ट म्हणालं, ही नवी अटकच झाली आणि तिला वेगळं सबळ कारण लागतं. तो निकाल आल्यावर अनेक शेरीफांनी नुसत्या डिटेनरवर धरून ठेवणं बंद केलं. पैसे काउंटीच्या खिशातून जातात हे दिसलं की धोरण बदलतं.

मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये लन प्रकरणात सांगितलं की राज्याच्या कायद्यात अशा दिवाणी अटकेचा अधिकारच नाही. न्यूयॉर्कचा निकाल नोव्हेंबर २०१८ चा, सफोक काउंटीच्या शेरीफविरुद्ध. हा आपल्या लोकांनी मुद्दाम लक्षात ठेवावा, कारण त्यात धरून ठेवलेली व्यक्ती भारतीय नागरिक होती. दारू पिऊन गाडी चालवल्याची शिक्षा भोगून झाली होती, व्हिसाची मुदत पूर्वीच संपलेली होती, आणि सुटायच्या दिवशी शेरीफने डिटेनरवर पुन्हा अडकवलं. कोर्टाने निर्णय दिला की न्यूयॉर्कचे पोलीस आइसच्या सहीच्या कागदावर अटक करू शकत नाहीत, आणि सुटकेनंतर धरून ठेवणं म्हणजे अटकच.

सातमाळा

निवडुंग, तुमचं सगळं बरोबर, पण टेक्सासमध्ये हे वाचून कुणी निर्धास्त राहू नये. इथे २०१७ च्या एसबी-४ कायद्याने जेलला डिटेनर पाळणं सक्तीचं केलंय. शेरीफने मुद्दाम नकार दिला तर त्याच्यावर गुन्हा, काउंटीला दंड, आणि पदावरून दूर करण्याची तरतूद आहे. पाचव्या सर्किटने मार्च २०१८ मध्ये त्यातला बहुतेक भाग कायम ठेवला. इथे केंद्र सरकार विनंती करतं आणि राज्य सक्ती करतं, असा दुहेरी फास आहे.

त्याच कायद्यात एक अपवाद आहे, जो जेलच्या खिडकीवर बसलेल्या कर्मचाऱ्यालाही अनेकदा ठाऊक नसतो. अमेरिकन नागरिकत्वाचा किंवा वैध स्टेटसचा पुरावा दिला, उदाहरणार्थ टेक्सासचं ड्रायव्हिंग लायसन्स, तर डिटेनर पाळण्याचं बंधन जेलवर राहत नाही. म्हणून वकिलाने लायसन्स, आय-९४ (देशात प्रवेशाची नोंद) आणि आय-७९७ (इमिग्रेशन अर्जाच्या मंजुरीची सूचना) यांच्या प्रती कव्हरिंग लेटरसकट जेलच्या रेकॉर्ड विभागाला द्याव्यात आणि पोच घ्यावी. तोंडी सांगून काही होत नाही.

आता २८७-जी. हा इमिग्रेशन कायद्यातला १९९६ चा कलम आहे. त्यानुसार आइस स्थानिक पोलिसांशी लेखी करार करून त्यांच्या ठरावीक लोकांना इमिग्रेशन अधिकाऱ्याचे काही अधिकार देतं. पहिला करार फ्लोरिडाने २००२ मध्ये केला. सध्या तीन प्रकार चालू आहेत आणि त्यांच्यात फार फरक आहे.

जेल मॉडेलमध्ये जेलमधले प्रशिक्षित अधिकारी नोंद झालेल्या माणसाची स्वतः चौकशी करतात, डेटाबेस पाहतात, डिटेनर तयार करतात. प्रशिक्षण चार आठवड्यांचं, दक्षिण कॅरोलिनातल्या चार्ल्सटनला. वॉरंट सर्व्हिस मॉडेल २०१९ मध्ये आलं, प्रशिक्षण आठ तासांचं. त्या अधिकाऱ्याला चौकशीचा अधिकार नाही, आइसने पाठवलेला कागद बजावायचा एवढंच. तिसरं टास्क फोर्स मॉडेल. यात रस्त्यावर गाडी अडवणारा पोलीसच इमिग्रेशनबद्दल विचारू शकतो आणि ताब्यात घेऊ शकतो. हे २०१२ मध्ये बंद केलं होतं आणि जानेवारी २०२५ मध्ये पुन्हा सुरू झालं. पूर्वी यासाठीही चार आठवडे शिकवायचे, आता ४० तासांचा ऑनलाइन कोर्स. इमिग्रेशनचा कायदा वकिलांनाही वर्षानुवर्षं पुरतो, तो ४० तासांत शिकून रस्त्यावर उभं राहायचं, ही मला यातली सगळ्यात धोकादायक गोष्ट वाटते. आय-७९७ वरची मुदतवाढ, पेंडिंग एक्स्टेंशनचे २४० दिवस, ग्रेस पीरियड, यातलं काही पासपोर्टवरच्या व्हिसाच्या स्टॅम्पवर दिसत नाही. स्टॅम्पची तारीख उलटलेली दिसली की "एक्स्पायर्ड" असा शिक्का पोलीस डोक्यात मारतो. स्टेटस मात्र आय-९४ वर ठरतं.

२०२५ च्या सुरुवातीला देशभरात १३५ करार होते, सप्टेंबरपर्यंत हजाराच्या वर गेले. फ्लोरिडाच्या सर्व ६७ काउंटी शेरीफांनी सही केली आहे, तिथल्या काही सरकारी विद्यापीठांच्या कॅम्पस पोलिसांनीही. मुलं तिकडे शिकायला असतील तर हे त्यांच्या कानावर घाला. ऑक्टोबर २०२५ पासून टास्क फोर्सच्या प्रशिक्षित अधिकाऱ्याचा पगार आणि भत्ते केंद्राकडून परत मिळतात, ओव्हरटाइमही पगाराच्या २५ टक्क्यांपर्यंत. छोट्या गावच्या पोलीस खात्याला हा पैसा नाकारणं जड जातं. करारांची यादी आइसच्या संकेतस्थळावर असते. यादीत आपल्या काउंटीचं नाव बघून थांबू नका. कुठला प्रकार आहे तो रकानाही वाचा, आणि शहर, शेरीफ, हायवे पेट्रोल तिन्ही वेगवेगळे शोधा.

बकुळ

दुसऱ्या बाजूच्या राज्यांचं लिहिते.

न्यू जर्सीत ॲटर्नी जनरलचा इमिग्रंट ट्रस्ट निर्देश २०१८ मध्ये निघाला आणि मार्च २०१९ पासून लागू झाला. स्टेटसच्या नुसत्या संशयावरून पोलिसांनी अडवायचं नाही, तपासाला गरज नसेल तर स्टेटस विचारायचं नाही. अपवाद आहेत: गंभीर किंवा हिंसक गुन्ह्याचा आरोप असेल तर जेल आइसला सुटकेची वेळ कळवू शकतं, आणि त्या दिवशी रात्री ११:५९ पर्यंत धरून ठेवू शकतं, त्यापुढे नाही. ओशन आणि केप मे काउंट्या याविरुद्ध कोर्टात गेल्या होत्या. २०२१ मध्ये तिसऱ्या सर्किटने निर्देश कायम ठेवला.

कॅलिफोर्नियात तीन कायदे एकावर एक आहेत. ट्रस्ट ॲक्ट, ट्रुथ ॲक्ट, आणि १ जानेवारी २०१८ पासूनचा एसबी-५४. नुसत्या डिटेनरवर धरून ठेवायला मनाई. ट्रुथ ॲक्टमुळे जेलमध्ये आइसने मुलाखत घेण्याआधी लेखी संमतिपत्र द्यावं लागतं आणि त्यावर "नको" किंवा "वकिलासोबतच" असं निवडता येतं. पण एक भोक आहे. सुटकेची तारीख जेल सगळ्यांसाठी वेबसाइटवर टाकत असेल तर तीच माहिती आइसला देण्यास बंदी नाही. मग जेलच्या दाराबाहेर गाडी उभी असते. "आमचं राज्य सॅंक्च्युअरी (आइसला साथ न देणारं) आहे" म्हणणाऱ्यांनी हे विसरू नये. राज्य आपल्या पोलिसांचे हात बांधू शकतं, आइसचे नाही.

इलिनॉयमध्ये २०१७ चा ट्रस्ट ॲक्ट आणि २०२१ ची त्यावरची भर आहे. ऑरेगनचा कायदा सगळ्यात जुना, १९८७ चा.

पाणंद

सातमाळा आणि बकुळ, दोघांनाही धन्यवाद. मला हे कळत नाही की केंद्राचा कायदा असताना राज्य "मदत करणार नाही" म्हणूच कसं शकतं? भारतात केंद्र-राज्य वादात तर असं चालणार नाही.

निवडुंग

पाणंद, इथल्या घटनेची दहावी दुरुस्ती. १९९७ मध्ये प्रिंट्झ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की केंद्र राज्याच्या अधिकाऱ्यांना आपल्या कामाला जुंपू शकत नाही. तो खटला बंदुकीच्या पार्श्वभूमी तपासणीचा होता आणि तो जिंकणारे दोन्ही शेरीफ बंदूक-नियंत्रणाच्या विरोधातले होते. आज तोच निकाल इमिग्रेशनमध्ये दुसऱ्या बाजूच्या कामी येतो.

केंद्राच्या हातात एक कलम आहे, १३७३. नागरिकत्व आणि इमिग्रेशन स्टेटसची माहिती आइसला देण्यावर स्थानिक सरकारने बंदी घालू नये, असं ते सांगतं. त्यात सुटकेची तारीख, घरचा पत्ता येतो का यावर खूप खटले झाले. नवव्या सर्किटने २०१९ मध्ये सांगितलं की येत नाही, आणि एसबी-५४ टिकला.

आणि उलट बाजूने: स्थानिक पोलिसाला करार नसताना स्वतःहून इमिग्रेशनसाठी अटक करता येत नाही. २०१२ चा ॲरिझोना निकाल. परवान्याशिवाय देशात राहणं हा बहुधा दिवाणी भंग आहे, फौजदारी गुन्हा नाही, असं त्यात नोंदवलंय. गाडी अडवली असेल तर ज्या कारणासाठी अडवली ते काम संपेपर्यंतच थांबवता येतं, हा २०१५ चा रॉड्रिगेझ निकाल. "आइस येतंय, तोवर थांबा" म्हणून चाळीस मिनिटं ताटकळत ठेवणं त्यात बसत नाही. रस्त्यावर वाद घालू नका. "मी जाऊ शकतो का?" एवढं शांतपणे विचारा, वेळ लक्षात ठेवा. पुढे वकिलाला ती वेळच लागते.

देवराई

धागा माहितीपूर्ण आहे, पण एकाच बाजूने झुकतोय असं वाटतं. जेलमधून हस्तांतरण झालं तर एक-दोन अधिकारी पुरतात, हत्यार नाही हे माहीत असतं, कुणाला इजा होत नाही. तोच माणूस सुटला की आइसला पथक घेऊन त्याच्या वस्तीत जावं लागतं आणि तिथे शेजारी उभे असलेले, काही न केलेले लोकही हाती लागतात. ज्याच्यावर खरोखर हिंसक गुन्हा सिद्ध झालाय त्याला तुरुंगातूनच नेलं तर सगळ्यांचंच भलं आहे. हा युक्तिवाद शेरीफ मंडळी करतात आणि तो मला पटतो.

बकुळ

देवराई, सिद्ध झालेल्या हिंसक गुन्ह्यापुरतं मलाही पटतं. म्हणूनच न्यू जर्सी आणि कॅलिफोर्निया दोघांनीही ते अपवाद ठेवलेत. प्रश्न बाकीच्यांचा आहे. ठसे अटकेच्या वेळी घेतात, निकालाच्या वेळी नाही. लायसन्सशिवाय गाडी चालवणं जॉर्जियात फौजदारी मिस्डिमीनर (कमी गंभीर गुन्हा) आहे. तिथल्या कायद्याप्रमाणे जेलने परदेशी व्यक्तीचं स्टेटस तपासायलाच हवं आणि २०२४ मध्ये ही सक्ती आणखी कडक झाली. म्हणजे मागचा दिवा फुटलेला म्हणून गाडी अडवली आणि गोष्ट डिपोर्टेशनवर गेली, असं होतं.

रस्त्यावरच्या मॉडेलचा अनुभव देशाने घेतलेला आहे. ॲरिझोनातल्या मॅरिकोपा काउंटीत शेरीफ जो अर्पायो यांच्या माणसांनी लॅटिनो चेहरा बघून गाड्या अडवल्या. न्याय विभागाचा अहवाल डिसेंबर २०११ मध्ये आला आणि होमलँड सिक्युरिटीने करार काढून घेतला. २०१३ मध्ये न्यायाधीश मरे स्नो यांनी वांशिक भेदभाव सिद्ध धरला. तेव्हापासून त्या खात्यावर कोर्टाने नेमलेला निरीक्षक बसलेला आहे आणि खर्च काउंटीचे करदाते भरतात. आपला रंग बघून पोलीस लॅटिनो आणि भारतीय यांत फरक करेल या भरवशावर राहू नये.

आणि मला सगळ्यात जास्त काळजी घरातल्या मारहाणीची वाटते. एच-फोरवरची (एच-वनवाल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावरची) बाई ९११ ला फोन करायला आधीच घाबरते, कारण नवऱ्याचं स्टेटस गेलं की तिचंही जाणार. नवरे हेच बोलून धमकावतात. म्हणून स्पष्ट लिहिते. मारहाण, पाठलाग, लैंगिक अत्याचार अशा गुन्ह्यांच्या बळीसाठी यू व्हिसा आहे. त्याला पोलीस किंवा सरकारी वकिलाचं प्रमाणपत्र लागतं: आय-९१८ चं सप्लिमेंट बी. सही झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज जायला हवा. वर्षाला १०,००० चीच मर्यादा असल्याने रांग फार मोठी आहे. नवरा नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असेल तर त्याला न कळवता VAWA या स्त्रियांवरील हिंसेविरुद्धच्या कायद्याखाली स्वतःचा अर्ज करता येतो. पोलीस आले की मराठी दुभाषा मागा. फोनवरून जोडून देतात. मोडक्या इंग्रजीत "आय पुश्ड हिम" एवढंच नोंदलं गेलं की दोघांनाही अटक होते, आणि मग तिचेही ठसे जातात. नवऱ्याला किंवा मुलाला दुभाषा म्हणून उभं करू देऊ नका.

देवराई

बकुळ, मारहाणीचा मुद्दा मान्य. हा भाग मंडळाच्या गटावर टाकते, नाव न देता.

पाणंद

एच-वनवाल्यांचं काय? दुकानात सेल्फ चेकआउटला एखादी वस्तू स्कॅन न होता पिशवीत गेली आणि चोरीची केस झाली, असं बऱ्याच ठिकाणी ऐकू येतं.

सातमाळा

पाणंद, हा प्रश्न फार महत्त्वाचा, जरा सविस्तर लिहितो.

२९ जानेवारी २०२५ ला लेकन रायली कायदा झाला. त्यात चोरी, दुकानातली चोरी, घरफोडी, पोलिसावर हल्ला, मृत्यू किंवा गंभीर इजा झालेला गुन्हा यांत नुसती अटक झाली तरी आइसने जामिनाशिवाय कोठडीत ठेवायचं आहे. पण तो सगळ्यांना लागू नाही. तपासणीशिवाय देशात आलेले, खोटी माहिती देऊन आलेले किंवा वैध कागदांशिवाय आलेले, अशांसाठी आहे. रीतसर एच-वनवर आलेला आणि स्टेटसमध्ये असलेला माणूस त्यात बसत नाही.

मात्र चोरी हा "नैतिक अधःपतनाचा गुन्हा" धरला जातो. देशात आल्यापासून पाच वर्षांच्या आत असा एक गुन्हा सिद्ध झाला आणि त्याला एक वर्ष किंवा अधिक शिक्षा होऊ शकत असेल, तर डिपोर्टेशनचं कारण होतं. ग्रीन कार्डवाल्यांनाही. इथे मिळालेली शिक्षा बघत नाहीत, होऊ शकणारी कमाल शिक्षा बघतात. न्यू जर्सीत २०० डॉलरखालची दुकानातली चोरी सहा महिन्यांपर्यंतच जाते. टेक्सासमध्ये १०० ते ७५० डॉलर म्हणजे १८० दिवस, पण ७५० च्या वर गेलं की एक वर्ष. वस्तूची किंमत कोणत्या कप्प्यात पडते यावर आयुष्य फिरतं, म्हणून दुकानाने लावलेला आकडा वकिलाने पावतीसकट तपासायलाच हवा.

दुसरा सापळा टेक्सासचं डिफर्ड ॲडज्युडिकेशन, म्हणजे दोष न ठरवता अटींवर निकाल पुढे ढकलणं. राज्याच्या दृष्टीने ही शिक्षा नव्हे, म्हणून क्रिमिनल वकील आनंदाने घेऊन देतो. इमिग्रेशनच्या व्याख्येत मात्र गुन्हा कबूल केला आणि कोर्टाने कुठलंही बंधन घातलं की ती शिक्षाच झाली. कबुली न देता मिळणारं प्रीट्रायल डायव्हर्जन (खटल्याआधीच अटी पाळून सुटणं) वेगळं आणि बरंच सुरक्षित. २०१० च्या पडिया निकालाप्रमाणे इमिग्रेशनवर काय परिणाम होईल हे सांगणं क्रिमिनल वकिलाचं कर्तव्य आहे. ते लेखी मागा, आणि कबुलीआधी एका इमिग्रेशन वकिलाला कागद दाखवा.

केस रद्द झाली, नोंद पुसली, म्हणून संपलं असं नाही. एक्स्पंज करण्याआधी कोर्टाकडून निकालाची प्रमाणित प्रत घ्या, दोन-तीन घ्या. नंतर कोर्टाकडे कागद उरत नाही, आणि ठशांमुळे अटक मात्र दिसत राहते. मग कॉन्सुलेटमध्ये "निकाल दाखवा" म्हटलं की हात रिकामे. मार्च-एप्रिल २०२५ मध्ये विद्यार्थ्यांचं हेच झालं. सुमारे १३ लाख नावं पोलिसांच्या राष्ट्रीय डेटाबेसमधून फिरवली गेली, ६,४०० च्या आसपास जुळली, आणि रद्द झालेल्या किरकोळ केसवरूनही अनेकांची सेव्हिस (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी यादीतली) नोंद बंद केली. कोर्टांनी खडसावल्यावर एप्रिलअखेर नोंदी परत चालू झाल्या.

दारू पिऊन गाडी: न्यू जर्सीत पहिल्यांदा झालं तर तो वाहतुकीचा भंग आहे, गुन्हा नाही. पण व्हिसा विभागाला अटक पुरते. गेल्या पाच वर्षांतल्या अशा अटकेवर व्हिसा रद्द करतात, ईमेल येतो. ईमेल आला की भारतात तिकीट काढण्याआधी वकिलाला फोन.

काजवा

समजा रात्री फोन आला की अमक्याला अटक झालीय. घरच्यांनी काय करायचं, क्रमाने सांगाल का?

घाटवाट

काजवा, आधी जेलच्या वेबसाइटवर कैदी-शोध उघडा. आपल्या नावांचा घोळ इथे नेहमी होतो. पासपोर्टवर "गिव्हन नेम" मध्ये स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र असतं. नोंद करणारा वडिलांचं नाव मधलं धरतो, कधी आडनावाच्या जागी टाकतो, कधी सलग जोडून लिहितो. सगळ्या जोड्या टाकून पाहा. मग बुकिंग नंबर, आरोप, जामिनाची रक्कम आणि "होल" असा रकाना असतो तो वाचा. तिथे आइस किंवा इमिग्रेशन लिहिलं असेल तर डिटेनर लागलेला आहे.

जेलचे फोन रेकॉर्ड होतात. स्टेटस, जन्मस्थान, कसं आलो, यातलं काहीही फोनवर बोलायचं नाही. आत असलेल्याला एवढंच सांगा: नाव आणि जन्मतारीख खरी द्यायची, बाकी "वकिलाशी बोलायचं आहे". आणि कुठल्याही परिस्थितीत "मी अमेरिकन नागरिक आहे" असं खोटं सांगायचं नाही. बुकिंग फॉर्मवर तसा रकाना असतो आणि घाईत खूण होऊन जाते. त्या एका खोट्या दाव्याने कायमची बंदी येऊ शकते आणि तिला माफी जवळजवळ नाही.

आइसच्या लोकांनी जेलमध्ये सही करायला कागद दिला तर न वाचता करू नये. त्यात स्वतःहून देश सोडायला संमती असू शकते.

भारतीय कॉन्सुलेटला कळवणं हा हक्क आहे, पण भारत सक्तीच्या यादीत नाही. म्हणजे पोलीस आपणहून कळवत नाहीत, आत असलेल्याने मागावं लागतं. घरच्यांनी वेगळा फोन केला तरी चालतो.

१८ वर्षांवरच्या प्रत्येक परदेशी व्यक्तीने नोंदणीचा कागद जवळ बाळगायचा नियम जुनाच आहे, एप्रिल २०२५ पासून त्यावर जोर आलाय. ग्रीन कार्ड, ईएडी (कामाचा परवाना) किंवा आय-९४ ची छापील प्रत चालते. भेटीला आलेल्या आई-वडिलांच्या खिशातही आय-९४ ठेवा.

निवडुंग

एक भर, नागरिक झालेल्यांसाठी. आई-वडील नागरिक झाले की १८ वर्षांखालची ग्रीन कार्डवरची मुलं २००० च्या कायद्यानुसार आपोआप नागरिक होतात. पण डेटाबेसला ते कळत नाही. तिथे मूल अजून ग्रीन कार्डधारकच दिसतं. तो मुलगा विशीत कॉलेजात भांडणात पकडला गेला की ठशांवरून डिटेनर येऊ शकतो. मुलांचे अमेरिकन पासपोर्ट लगेच काढा. जमलं तर एन-६०० (नागरिकत्वाच्या प्रमाणपत्राचा अर्ज) ही करा, कारण त्यानेच इमिग्रेशनची नोंद बदलते. नागरिकावर डिटेनर आला असेल तर फॉर्मवरच आइसच्या केंद्राचा फोन छापलेला असतो, तिथे जेलने आणि घरच्यांनी दोघांनीही फोन करायचा.

काजवा

आणि डिटेनर दिसला तर जामीन भरायचा की नाही? लोक दोन्ही सांगतात.

घाटवाट

वकिलाला विचारल्याशिवाय भरू नका. ४८ तास डिटेनर आल्यापासून मोजत नाहीत, सुटका होऊ शकली असती त्या क्षणापासून मोजतात. म्हणजे जामीन भरला की घड्याळ सुरू. आइस त्या वेळात आलं तर माणूस दुसऱ्या राज्यातल्या केंद्रात जाऊ शकतो. तिकडे घालवलेले दिवस मूळ गुन्ह्याच्या शिक्षेतून वजा होत नाहीत, आणि इकडच्या कोर्टाची तारीख चुकली की अटक वॉरंट निघतं, जामिनाचे पैसे बुडण्याची वेळ येते. उलट न्यूयॉर्क किंवा न्यू जर्सीसारख्या राज्यात, किरकोळ आरोपात, जेल धरून ठेवणारच नसेल तर लवकर भरलेला बरा.

४८ तास उलटूनही सोडलं नाही तर वकिलाने जेलच्या कायदा विभागाला त्याच दिवशी लेखी पत्र द्यावं. त्यात सुटकेची देय वेळ तासा-मिनिटांसकट लिहावी. तरी हललं नाही तर हेबियस, म्हणजे बेकायदा कैदेविरुद्ध कोर्टात याचिका.

आइसकडे गेलाच, तर त्यांच्या ऑनलाइन लोकेटरवर ए-नंबर (इमिग्रेशन खात्याचा ओळख क्रमांक) आणि जन्मदेश टाकून शोधता येतं. एच-वनवाल्याकडे आधी ए-नंबर नसतो, पण केस दाखल झाल्यावर मिळतो आणि आरोपपत्रावर वर उजवीकडे असतो. तोवर नावाने शोधा, पुन्हा सगळ्या जोड्यांसकट. नव्या केंद्राची नोंद दिसायला वेळ लागतो. रीतसर व्हिसावर आलेल्याला इमिग्रेशन जजकडे बाँड मागता येतो. किमान रक्कम १,५०० डॉलर, प्रत्यक्षात बरीच जास्त, आणि ती पूर्ण भरावी लागते. मूळ केसच्या कोर्टाला आइसच्या ताब्यात असल्याचा कागद वकिलाने तारखेआधी द्यायचा आणि व्हिडिओवरून हजेरीची परवानगी मागायची. लोकेटरच्या पानाचा प्रिंट, तारीख दिसेल असा, त्यासोबत जोडला तर बहुतेक जज तारीख पुढे देतात.